मोटारीतून पाहिलेला डोंगर

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी अधिकाऱ्यांच्या सुट्टीला एक ठरीव वळण पडून गेले आहे. जोडून तीन-चार रजा आल्या, की विश्रामगृहाकडे निरोप जातो. कचेरीतील कोणी तत्पर गृहस्थ खोल्यांची, गाडीची आणि दोन्ही वेळच्या जेवणाची तजवीज करून ठेवतात. मंडळी सायंकाळी पोहोचतात. दुसऱ्या दिवशी उशिरा उठून, न्याहारी आटोपून जीपमध्ये बसतात. 'पॉइंट' म्हणून जी स्थळे नेमून दिलेली असतात ती एकामागून एक उरकतात. प्रत्येक कठड्याशी उभे राहून छायाचित्रे घेतात आणि सूर्यास्त पाहून परततात. घरी आल्यावर शेजाऱ्यांना सांगितले जाते, "आम्ही डोंगरावर जाऊन आलो." माझा वाद या वाक्याशी आहे. डोंगरावर मोटार गेलेली असते. ही मंडळी केवळ तिच्यात बसलेली असतात.

विधान कोणास उद्धटपणाचे वाटेल. तथापि ते मी विचारपूर्वक करीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : परप्रांतात राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने वर्षातून निदान एक पुरा दिवस, आपल्या नेमणुकीच्या ठिकाणाजवळचा एखादा डोंगर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, स्वतःच्या पायांनी चढून उतरावा. शिदोरी स्वतः वाहावी. शिपाई बरोबर नसावा. ही हौसेची किंवा तरुणपणी करून सोडून देण्याची गोष्ट आहे, असे मी मानीत नाही. आईबाप म्हणून आणि अधिकारी म्हणून, अशा दोन्ही नात्यांनी ते आपले कर्तव्य आहे.

उदाहरणादाखल पचमढी घेऊ. मध्य प्रदेशात नेमणूक झालेल्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या ती एकदा तरी, पायांखालून म्हणवत नाही, पण चाकांखालून गेलेली असते. तिच्याशी आपला संबंधही जुना आहे. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि त्याआधी इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताचे सरकार उन्हाळा लागला की नागपूरहून पचमढीला मुक्काम हलवीत असे. 'थंड हवेचे ठिकाण' हा शब्दप्रयोग याच काळाची देणगी आहे. डोंगर म्हणजे हवा खाण्याची गच्ची, ही कल्पना त्या शब्दाबरोबर आपल्या घरांत शिरली आणि साहेब निघून गेल्यावरही राहिली.

गंमत अशी, की ज्या इंग्रजामुळे पचमढीचे नाव सर्वतोमुखी झाले तो कॅप्टन फोर्साइथ काही गच्चीवर बसून राहिलेला नव्हता. सातपुड्याच्या रानांत तंबू ठोकून तो दीर्घकाळ हिंडला. साग कोठपर्यंत येतो आणि साल कोठून सुरू होतो हे त्याने स्वतः हिंडून पाहिले. गोंड आणि कोरकू यांच्या वस्त्यांतून राहिला. मध्य भारताच्या डोंगराळ मुलुखावरील त्याचे पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले, ते या भटकंतीचे फळ होय. तो राज्यकर्त्यांपैकी होता, शिकारी होता, आणि त्याची दृष्टी सर्वस्वी निर्मळ होती असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु आपण साहेबाची आरामखुर्ची तेवढी उचलली आणि त्याची पायपीट मागे टाकून दिली, ही निवड आपली आहे. तिचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही.

आता त्याच पचमढीकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. धूपगड हे सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर, सुमारे १,३५० मीटर. तेथे जीप जाते, म्हणून तेथे आपली गर्दी. चौरागड हे त्याच परिसरातील दुसरे उंच शिखर. महादेवाच्या गुहेपर्यंत गाडी जाते, पुढे साधारण चार किलोमीटरांची वाट आणि हजाराहून अधिक पायऱ्या. म्हणून ते 'वेळ उरल्यास पाहू' या सदरात. पण महाशिवरात्रीच्या दिवसांत या वाटेवर कोण असते? विदर्भातील शेतकरी असतात, मजूर असतात, त्यांच्या बायका आणि म्हाताऱ्या आया असतात. नवस फेडण्यासाठी लोखंडी त्रिशूळ खांद्यावर घेऊन ते चढतात. काही त्रिशूळ तर एकट्याला न पेलणारे असतात. कडेवर पोर, डोक्यावर बोचके, आणि पायांत कित्येकदा काही नाही. माथ्यावर अशा अर्पण केलेल्या त्रिशुळांचे ढीग लागलेले आहेत. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची वाट काही दिवसांपुरती उघडते. एरवी ते व्याघ्रप्रकल्पाचे बंद रान. त्या भर पावसाळ्यात, चिखलात आणि ओढ्यांतून चालणाऱ्यांतही वैदर्भीयांचा भरणा मोठा असतो.

ही आपल्याच भाषेची माणसे आहेत. परक्या मुलखात कानांवर मराठी शब्द पडावा म्हणून आपण मंडळे काढतो, गणेशोत्सव करतो, मासिके चालवतो, आणि हजारोंच्या मुखातून मराठी बोलत डोंगर चढणारा हा समाज समोरून जात असता विश्रामगृहाच्या व्हरांड्यातून आपण म्हणतो, "सध्या फार गर्दी आहे, शिवरात्र उलटल्यावर यायला हवे होते." या दोघांपैकी पचमढी कोणी पाहिली, याचे उत्तर मी वाचकांवर सोपवतो.

यावर एक सुशिक्षित आक्षेप ठरलेला आहे : "ती श्रद्धेची गोष्ट झाली. आमची सुट्टी आहे, यात्रा नव्हे." मान्य. मी कोणाजवळ श्रद्धा मागत नाही. नवस न बोलणाऱ्या माणसालाही गुडघे तेच असतात आणि चढही तोच असतो. यात्रेकरूला पाणी कोठे मिळते ठाऊक असते, सावली कोणत्या वळणावर आहे हे ठाऊक असते, दम खाण्याचा दगड ठाऊक असतो. डोंगराचे हे ज्ञान पायांच्या वाटेनेच माणसात येते. कठड्याशी उभे राहून ते मिळत नाही. श्रद्धा नसेल तर कुतूहल असू द्यावे. दोन्ही नसतील तर मात्र घरीच राहिलेले बरे. रानाला तेवढाच कमी धुरळा.

आता कुटुंबाकडे वळू. बदल्यांच्या नोकरीत वाढणाऱ्या मुलांची स्थिती आपणांस मी सांगावी असे नाही. तीन वर्षे एका गावी, तीन वर्षे दुसऱ्या. शाळा बदलते, मित्र बदलतात, दुसरी भाषा बदलते. "तुझे गाव कोणते?" असे कोणी विचारले, की ही मुले बापाच्या तोंडाकडे पाहतात. घर म्हणजे सरकारी निवासस्थान. त्याच्या फाटकावरील पाटी बापाच्या हुद्द्याबरोबर बदलते. अशा मुलांना एखादी जागा आपली वाटावी कशी? भूगोलाच्या पुस्तकाने ती वाटत नाही, आणि मोटारीच्या काचेतून तर नाहीच. ज्या चढावर पायांत गोळे आले, ज्या ओढ्यावर बसून दशमी खाल्ली, जेथे धाकटी रडली आणि मग सर्वांच्या आधी वर पोहोचली, ती जागा मात्र पुढे कोठेही बदली झाली तरी मुलाबरोबर जाते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, पण बोलली पाहिजे. अधिकाऱ्याच्या मुलाचे दप्तर दुसऱ्याने उचललेले असते. त्याच्या बापाच्या दुप्पट वयाची माणसे त्याला अदबीने हाक मारतात. आपण न सांगता, न शिकवता, हुद्दा हा मुलाच्या अंगात भिनत जातो. आणि तो ज्या दिवशी उतरतो, म्हणजे बापाच्या निवृत्तीच्या दिवशी, त्या दिवशी मुलाच्या हाती काहीच उरत नाही. चढावर हुद्द्याचा उपयोग होत नाही. तेथे साहेबांना धाप लागते आणि दहा वर्षांचा मुलगा पुढे जाऊन थांबतो. बाटलीतले पाणी चौघांत पुरवावे लागते. सर्वांत हळू चालणारा जो असेल त्याच्या गतीने सर्वांना चालावे लागते. पुढे जाणाऱ्याने मागच्यासाठी थांबायचे असते, हा तेथील कायदा. हा धडा देणारी शाळा आपल्या कोणत्याही बदलीच्या गावी मला आढळलेली नाही. परीक्षांची आणि शिकवण्यांची सबब सांगून वर्षातला हा एक दिवसही मुलांना नाकारणाऱ्या आईबापांनी, मुलाला आपण कशासाठी तयार करीत आहोत याचा एकदा शांतपणे विचार करावा.

गृहिणीविषयी चार शब्द. 'कौटुंबिक सुट्टी' हा शब्द आपण मोठ्या प्रेमाने वापरतो. पण त्या कुटुंबातील एका व्यक्तीची सुट्टी बहुधा पहाटे चार वाजता स्वयंपाकघरात सुरू होते आणि रात्री भांड्यांपाशी संपते. डोंगराच्या दिवशी असे चालणार नाही. आदल्या रात्री सर्वांनी मिळून शिदोरी बांधावी. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, चार केळी एवढ्याने काम भागते. पक्वान्नांचा घाट घालू नये आणि ज्याचे ओझे त्याने वाहावे. "हिला आता हे चढणे झेपायचे नाही" असे पत्नीच्या वतीने परस्पर सांगणारे पतीही मी पाहिले आहेत. चौरागडच्या पायऱ्यांवर लुगड्याचा ओचा खोचून चढणाऱ्या साठीच्या बाया त्यांनी एकदा पाहाव्यात. न झेपण्याची गोष्ट पुष्कळदा बोलणाऱ्याच्याच पोटाविषयीची असते.

आता अधिकारी या नात्याकडे येतो, कारण माझ्या मते खरा प्रश्न तेथे आहे. आपण फायलींत 'डोंगराळ व दुर्गम भाग' असे शब्द नित्य लिहितो. तो भाग ज्याला कधी दुर्गम वाटला नाही, कारण तो तेथे पायी कधी गेलाच नाही, त्याच्या लेखणीतून हा शब्द उतरतो तेव्हा त्यात काय अर्थ उरतो? शासनाने नियम करताना चढाचा विचार केलेला आहे. सपाटीवर ५,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, आणि डोंगराळ व आदिवासी भागांत ते ३,००० लोकसंख्येमागे असावे, असा दंडक आहे. शिक्षण हक्क कायद्याखालील केंद्राच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीन किलोमीटर चालण्याच्या अंतरात शाळा असावी, असे म्हटले आहे. आकडे नेटके आहेत. परंतु नकाशावर पट्टी ठेवून मोजलेला किलोमीटर आणि मधल्या दरीत उतरून पुन्हा वर चढून जाण्याचा किलोमीटर यांत जो फरक आहे, तो कोणत्याही तक्त्यात येत नाही. तो फरक पोटरीला कळतो. ज्या गृहस्थाने आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन असा एक किलोमीटर चढला आहे, तो शाळा बंद करून शेजारच्या गावच्या शाळेत विलीन करण्याच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी, मध्ये ओढा आहे काय, एवढे तरी विचारील. एका दिवसाच्या भटकंतीतून शासन सुधारेल असा माझा भ्रम नाही. पण एक प्रश्न जरी योग्य वेळी विचारला गेला, तरी तो दिवस कारणी लागला.

यानंतर आमच्यातील सह्याद्रीभक्तांचा समाचार घेणे भाग आहे. "आमचे डोंगर म्हणजे राजगड, रायगड, कळसूबाई. इकडच्या टेकाडांत काय ठेवले आहे?" हे वाक्य मी भोपाळात ऐकले, रांचीत ऐकले, बंगळूरातही ऐकले. सह्याद्रीचा अभिमान मलाही आहे. परंतु हे बोलणारी बहुतेक मंडळी रजेवर पुण्यास जातात, तेव्हा सिंहगडावर मोटारीने जातात. आतकरवाडीची पायवाट त्यांना ठाऊक असते ती ऐकून. गडावर पिठले-भाकरी खाऊन परत येणे म्हणजे तानाजीचे स्मरण, अशी त्यांची समजूत झालेली असते. जो आपला डोंगर चढत नाही, त्याला दुसऱ्याच्या डोंगराला नावे ठेवण्याचा अधिकार कोठून आला?

आणि 'आपला' व 'परका' ही वाटणी तरी इतिहासाला मान्य आहे काय? मराठ्यांच्या लष्करी दुर्गांना २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्या १२ दुर्गांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत आणि एक, जिंजी, तमिळनाडूत. शिवाजी महाराजांनी तो १६७७ साली घेतला. पुढे स्वराज्यावर संकट आले तेव्हा राजाराम महाराजांनी कित्येक वर्षे तेथून राज्य राखले. सह्याद्रीच्या माणसांनी दूरच्या कातळावर पाय रोवले म्हणून हे घडले. चेन्नईत किंवा पुदुच्चेरीत नेमणूक असलेल्या किती मराठी कुटुंबांनी जिंजीच्या राजगिरीच्या पायऱ्या चढल्या आहेत? पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थान हिंडले, ते रेल्वेने वा मोटारीने नव्हे. आणि त्यांच्याजवळ रजा प्रवास सवलतही नव्हती. आपल्याजवळ ती आहे. केंद्र सरकारच्या नोकराला चार वर्षांच्या गटात एकदा भारतात कोठेही जाण्याचा खर्च मिळू शकतो. सरकार पायथ्यापर्यंतचे भाडे देते. पुढचे अंतर आपले आपणच चालायचे आहे.

गुजरातेतील बांधवांसाठी गिरनार आहे. दत्तभक्त मराठी माणूस मुंबई-पुण्याहून रात्रीचा प्रवास करून जुनागडला उतरतो आणि सुमारे दहा हजार पायऱ्यांची वाट मध्यरात्री धरतो. २०२० च्या ऑक्टोबरात तेथे अंबाजीपर्यंत रज्जुमार्ग सुरू झाला. वृद्धांना, आजाऱ्यांना आणि अपंगांना तो वरदान आहे, त्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही. पण चाळिशीतील धडधाकट गृहस्थ, तितकीच धडधाकट पत्नी आणि चेंडूमागे दिवसभर पळणारी दोन मुले पाळण्यात बसून वर जातात, तेव्हा त्यांचा आजार कोणता, असे विचारावेसे वाटते. झारखंडात पारसनाथ आहे. मधुबनपासून चढ, वर शिखरांची प्रदक्षिणा आणि उतार मिळून सुमारे सत्तावीस किलोमीटरांची वाट जैन यात्रेकरू, त्यांत वृद्ध स्त्रियाही, एका दिवसात अनवाणी पुरी करतात. त्या पर्वतावर जाणाऱ्याने तेथील पावित्र्य सांभाळावे, हे वेगळे सांगायला नको.

राहता राहिला धोक्याचा मुद्दा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २०१८ च्या मार्चात तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात, हौशी गिरिभ्रमण करणारी मंडळी वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जीव गेले. अशी घटना आठवली, की आईबापांचे पाय मागे येणे स्वाभाविक आहे. पण तिच्यातून घ्यायचा बोध घरी बसण्याचा नाही. ऋतू, वाट आणि वेळ यांचा विचार करण्याचा आहे. फाल्गुन-चैत्रातील वाळल्या गवताच्या उतारावर जाऊ नये. वनखात्याची परवानगी लागते तेथे ती घ्यावी, आणि ती ओळखीने सोडवून घेण्याची आपली सवय त्या दिवशी तरी घरी ठेवावी. स्थानिक वाटाड्या घ्यावा, त्याचे ऐकावे आणि त्याला पुरते पैसे द्यावेत. पहाटे निघावे, दुपार कलण्यापूर्वी उतरणीला लागावे. आग्या मोहळाच्या कड्याखाली धूर आणि गोंगाट करू नये. ढग दाटून विजा चमकू लागल्या, तर माथा शंभर पावलांवर असला तरी मागे फिरावे. शिखर जागचे हलत नाही. नेलेला प्रत्येक कागद आणि प्रत्येक पिशवी परत आणावी. एवढे पाळणाऱ्या कुटुंबाला, घाटाच्या वळणावर भरधाव मोटारीत बसलेल्या कुटुंबापेक्षा अधिक धोका आहे, असे मी मानीत नाही.

अलीकडे डोंगरोडोंगरी 'साहस' विक्रीस ठेवलेले असते. तिकीट काढावे, कमरेला पट्टा बांधून घ्यावा, तारेवरून दरी ओलांडावी आणि दहा मिनिटांत साहसी होऊन परत यावे. मुलांना मजा वाटते, वाटू द्यावी. पण त्याला साहस म्हणू नये. ज्यात वाट आपण निवडायची नसते, पाणी आपण राखायचे नसते, थांबायचे की पुढे जायचे हे आपण ठरवायचे नसते, तो केवळ पाळणा होय. जत्रेतल्या पाळण्याहून थोडा लांब, इतकेच.

तेव्हा वाचकांस माझे विचारणे एवढेच आहे. आपल्या कचेरीच्या किंवा निवासस्थानाच्या गच्चीवरून जो डोंगर दिसतो, त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? त्याच्या पायथ्याच्या वस्तीचे नाव आपणांस ठाऊक आहे काय, आणि तेथून शाळा किती चढावर आहे? गच्चीवरून डोंगर दिसत नसेल, तर दोन-तीन तासांच्या प्रवासावर कोणता आहे? याची उत्तरे फायलीत मिळणार नाहीत. बदलीचा हुकूम वर्षभरात केव्हाही येईल, आणि त्यानंतर सामान बांधण्यापलीकडे कशालाही सवड मिळणार नाही, हे आपण सर्व अनुभवाने जाणतो. तो येण्यापूर्वीचा एक रविवार आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. आणि गाडीच्या चालकाला त्या दिवशी रजा द्यावी. त्यालाही घर आहे, मुले आहेत, आणि बहुधा त्या डोंगराची वाट त्याला आपल्याहून अधिक ठाऊक आहे.